रे रोडपासून स्ट्रॅथनेव्हरपर्यंत: स्कॉटिश क्लॅनचं मूळ गाव ट्रिपच्या आधी कसं शोधायचं

वडाळ्याला राहायचे तेव्हा कितीतरी वर्षं रोज हार्बर लाइनने जायचे, कॉटन ग्रीन गेलं की रे रोड, मग डॉकयार्ड, आणि हा रे म्हणजे कोण हे कधी डोक्यातही आलं नाही. लग्न होऊन कॅनडात आले, सासरचं आडनाव मकाय, आणि एकदा जेवताना सासरे म्हणाले की आमच्या क्लॅनचे, म्हणजे एका चीफखाली एकच आडनाव लावणाऱ्या समूहाचे, एक चीफ तुमच्या मुंबईचे गव्हर्नर होते, लॉर्ड रे. बघितलं तर खरंच, डोनाल्ड जेम्स मकाय, अकरावे लॉर्ड रे, १८८५ ते १८९० मुंबईचे गव्हर्नर, आणि पुण्याची महात्मा फुले मंडईसुद्धा सुरुवातीला रे मार्केटच होती. त्या दिवसापासून हा विषय मला परका वाटेना.

सासऱ्यांना पंचाहत्तरीच्या आत एकदा आपल्या पूर्वजांची जमीन बघायची होती. शोधायचं काम मी अंगावर घेतलं, सव्वा वर्ष लागलं, त्यात निम्मा वेळ चुकीच्या दिशेने गेला. आता कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमधे आपली किती मुलंमुली अशा घरांत सून-जावई म्हणून आहेत, त्यांच्यापैकी कुणावर हे काम आलं तर त्यांचा तेवढा वेळ वाचावा म्हणून सगळं लिहून ठेवतेय. उदाहरण मकाय क्लॅनचं घेतलंय कारण तेच मला नीट माहितीये, पण पद्धत हायलँडमधल्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या, कुठल्याही क्लॅनला चालेल.

आधी तो रंगीत नकाशा बाजूला ठेवा

टॉवेलवर, मगवर छापलेला एक नकाशा सगळ्यांनी बघितलेला असतो, स्कॉटलंडचे रंगीत तुकडे आणि प्रत्येकावर एका क्लॅनचं नाव. त्यात मकाय वरच्या डाव्या कोपऱ्यात दिसतात आणि लोक लगेच तिकडचं हॉटेल बुक करतात. तो नकाशा फार तर जिल्हा सांगतो, गाव सांगत नाही. आणि क्लॅनची जमीन म्हणजे चीफच्या ताब्यातली जमीन, तुमच्या माणसांची मालकी तिच्यावर कधीच नव्हती, ती कुळं होती, कसणारी. मकायांच्या चीफने तर १८२९ मधे सगळी रे इस्टेट सदरलँडच्या घराण्याला विकून टाकली. आपले मुंबईचे लॉर्ड रे त्यानंतर दहा वर्षांनी जन्मले, तेही हॉलंडमधे हेगला, कारण घराण्याची ती शाखा तिकडे स्थायिक झालेली. म्हणजे चीफचा इतिहास एकीकडे जातो आणि तुमच्या घराचा दुसरीकडे.

दुसरं, आडनाव सारखं म्हणजे रक्त एक असं धरून चालू नका. मॅक म्हणजे अमक्याचा मुलगा हे खरं, पण चीफच्या जमिनीवर राहणाऱ्या, त्याच्या आश्रयाला आलेल्या कितीतरी लोकांनी त्याचंच नाव लावलं. यात कमीपणा काही नाही, फक्त चीफच्या छापील वंशावळीत आपला माणूस बसवायचा प्रयत्न करू नका, बहुतेक वेळा तो तिथे नसतोच.

आपल्याला शोधायचंय ते त्या शेतवस्तीचं नाव, तिकडे टाउनशिप म्हणतात, म्हणजे आपल्या वाडीएवढी जागा, पाचपंधरा घरं आणि भोवती शेतं. ते नाव हाती लागलं की ट्रिप झालीच समजा.

सुरुवात घरातून

स्कॉटलंडच्या साइटवर लगेच जाऊ नका, मी तेच केलं होतं आणि एकाच पॅरिशमधे (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाग) एकाच काळात इतके डोनाल्ड मकाय निघाले की त्यातल्या चुकीच्या माणसामागे मी तीन महिने घालवले. आधी ज्या देशात ते लोक उतरले तिथली कागदं संपवा. घरातलं बायबल (मधल्या कोऱ्या पानांवर जन्म-मृत्यू लिहिलेले असतात), जुनी पत्रं, चर्चची रजिस्टरं, स्थानिक पेपरातल्या मृत्यूच्या बातम्या, आणि कबरी.

कबरींबद्दल थोडं सविस्तर सांगते कारण आमचं कोडं तिथेच सुटलं. आमची माणसं ऑन्टारियोत झोरा नावाच्या भागात आली, एम्ब्रो गावाच्या आसपास, तिथे १८३०च्या सुमारास सदरलँड या उत्तर स्कॉटलंडमधल्या काऊंटीचे लोक गटागटाने येऊन वसले होते. कॅनडाच्या सेन्ससमधे जन्मस्थान म्हणून नुसतं स्कॉटलंड लिहिलेलं, काही उपयोग नाही, पण कबरीच्या दगडावर खाली बारीक अक्षरात पॅरिशचं नाव असू शकतं. आम्ही गेलो तेव्हा भर दुपार होती, दगडावर शेवाळ, काही वाचता येईना. तिथल्या एका आजोबांनी सांगितलं संध्याकाळी या आणि टॉर्च समोरून मारू नका, बाजूने दगडाला चिकटवून धरा. तसं केलं आणि सावल्यांमुळे अक्षरं उठून आली, नाव, वय, आणि खाली, ‘फार’ (Farr) नावाचं पॅरिश, सदरलँडशायर. सासरे दगडावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. दगड खडूने रंगवू नका, तारेच्या ब्रशने तर अजिबात घासू नका, पाणी आणि मऊ ब्रश एवढंच.

जहाजाच्या याद्यांमागे मात्र वेळ घालवू नका. कॅनडात प्रवाशांच्या याद्या पद्धतशीरपणे ठेवायला सुरुवात १८६५ मधे झाली, त्याआधी आलेल्यांची यादी सापडली तर नशीब, नाही तर जहाजाचं नाव कळल्याशिवायही गाव सापडतं.

नावांचा घोळ, आणि आपल्याला सोपी जाणारी एक गोष्ट

स्पेलिंगचं टेन्शन घेऊ नका, मॅक, एमसी, मधे कॅपिटल अक्षर, यातून काही सिद्ध होत नाही, लिहिणाऱ्या पाद्र्याने कानाला जे ऐकू आलं ते लिहिलं. घरात गेलिक ही हायलँडची जुनी भाषा बोलायचे आणि कागदावर इंग्रजी, त्यामुळे एकाच माणसाची दोन नावं होतात, डोनाल्डचा कॅनडात डॅनियल होतो, अँगसचा ईनियस होतो. सदरलँडमधे मुलींची नावं ह्युइना, डोनाल्डिना, विल्यमिना अशी बापाच्या किंवा आजोबांच्या नावाला इना लावून केलेली दिसतील, ती खरीच नावं आहेत, टायपो समजून सोडून देऊ नका.

आपल्याला सोपी जाणारी गोष्ट म्हणजे तिकडे बाईचं माहेरचं आडनाव पुसलं जात नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आई बहुतेकदा माहेरच्या आडनावाने असते, मृत्यूच्या दाखल्यात आणि कबरीवरही. म्हणून शोधताना नुसतं डोनाल्ड मकाय टाकू नका, डोनाल्ड मकाय आणि बायको माहेरच्या गन (Gunn) आडनावाची अशी जोडी धरून शोधा, गर्दीतून दोनतीनच जोड्या उरतात. आणि नाव ठेवायची पद्धतसुद्धा आपल्या ओळखीची, थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, थोरल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं. दरवेळी पाळलंच जातं असं नाही, पण आजी-आजोबांची नावं काय असतील याचा अंदाज यातूनच येतो. मी एक्सेलमधे भावंडं जन्माच्या क्रमाने लावली आणि पुढच्या कॉलममधे ही अंदाजी नावं लिहिली, नंतर त्यातली तीन बरोबर निघाली.

स्कॉटलंडची कागदं

मुख्य साइट एकच, स्कॉटलंड्सपीपल, सरकारी आहे, नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडची. नाव सर्च करणं फुकट, मूळ पानाचा फोटो उघडायला मात्र क्रेडिट विकत घ्यावे लागतात, म्हणून आधी सर्चमधेच जितकं गाळता येईल तितकं गाळून घ्या. फॅमिलीसर्चवर जुन्या बाप्तिस्म्यांची आणि लग्नांची फुकट सूची आहे, मी आधी तिथे बघून मगच इथे क्रेडिट खर्च करायचे.

१ जानेवारी १८५५ ही तारीख लक्षात ठेवा, त्या दिवसापासून सरकारी जन्म-मृत्यू-लग्न नोंदणी सुरू झाली. त्याआधीचं सगळं चर्चच्या पॅरिश रजिस्टरात, आणि हायलँडच्या बऱ्याच पॅरिशमधे ती रजिस्टरं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच नीट सुरू होतात. १८४३ मधे चर्च फुटलं, हायलँडचे लोक मोठ्या संख्येने फ्री चर्चमधे गेले, म्हणून त्यानंतरच्या काही वर्षांत नोंद सापडत नसेल तर माणूस नव्हताच असं समजू नका.

आता युक्ती. आपला माणूस १८३० साली निघून गेला, त्याचा स्कॉटलंडमधे मृत्यूचा दाखला कुठून असणार? पण त्याची एखादी बहीण किंवा भाऊ मागे राहिलेला असतो आणि तो १८५५ नंतर वारलेला असतो. त्याचा दाखला काढा. त्यात आई आणि बाप दोघांची नावं येतात, आईचं माहेरचं आडनावही. आणि दाखला १८५५ सालचाच मिळाला तर फारच छान, त्या एका वर्षी फॉर्ममधे इतकी जास्त माहिती विचारली होती, जन्मस्थान, मुलांची नावं, की पुढच्या वर्षापासून ती कमी करावी लागली.

सेन्सस बघताना १८४१चा आणि १८५१चा फरक ध्यानात ठेवा, १८४१ मधे मोठ्यांची वयं पाचच्या पटीत खाली आणून लिहिलेली आणि जन्म याच काऊंटीत की बाहेर एवढंच, १८५१ पासून पॅरिशचं नाव येतं.

शेवटचा पत्ता म्हणजे मूळ गाव नाही

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आमची माणसं कॅनडाला निघाली कर्टमीहून, समुद्राकाठची छोटी वस्ती आहे. मला वाटलं झालं, सापडलं गाव. पण कोयनेच्या धरणग्रस्ताच्या नातवाला गाव विचारलं तर तो पुनर्वसनाच्या गावाचं नाव सांगेल आणि त्याचं खरं गाव पाण्याखाली असेल, तसंच इथे आहे. १८१४ आणि १८१९ मधे सदरलँड इस्टेटने स्ट्रॅथनेव्हर या नदीच्या खोऱ्यातून कुळांना उठवलं, मेंढ्यांची मोठी कुरणं करायची होती म्हणून. घरांची छपरं पाडली, लाकडं जाळली. १८१४च्या वेळचा इस्टेटचा माणूस पॅट्रिक सेलर, त्याच्यावर १८१६ मधे इन्व्हरनेसला खटला चालला आणि तो निर्दोष सुटला, कुरणही त्यालाच मिळालेलं. उठवलेल्यांना किनाऱ्यावर खडकाळ जमिनीचे तुकडे दिले, ज्यांनी आयुष्यभर गुरं पाळली त्यांनी आता मासे पकडावे अशी अपेक्षा. तिथे भागेना म्हणून पुढे कितीतरी जण बोटीत बसले. हायलँडमधे सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच झालं, याला क्लिअरन्सेस म्हणतात.

म्हणून एका मुलाची नोंद मिळाली की थांबू नका, त्या जोडप्याच्या सगळ्या मुलांचे बाप्तिस्मे काढा आणि प्रत्येकासमोर जागेचं नाव लिहा. आमच्या शीटमधे थोरली दोन मुलं, रोसल. मग काही वर्षांची पोकळी. मग धाकटा, कर्टमी. त्या पोकळीतच त्यांना उठवलेलं होतं. स्क्रीनवर त्या तीन ओळी बघून मला पुढचं काही करवेना, लॅपटॉप बंद केला आणि सासऱ्यांना फोन लावला.

नकाशे, इथे हवा तेवढा वेळ द्या

नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडची नकाशांची साइट पूर्ण फुकट आहे आणि माझ्या मते या सगळ्या शोधातली सगळ्यात सुंदर जागा तीच. दोन नकाशे पाहिजेतच. एक रॉयचा लष्करी नकाशा, हायलँडचं बंड मोडलं ती कलोडनची लढाई १७४६ ला झाली, त्यानंतर सरकारला हायलँड नीट माहीत करून घ्यायचं होतं म्हणून १७४७ ते १७५५ मधे केलेला. म्हणजे माणसं उठवण्याच्या आधीचा. त्यावर घरं लाल ठिपक्यांसारखी दिसतात आणि शेतं बारीक रेघांनी, नदीच्या दोन्ही काठांनी वस्त्याच वस्त्या. दुसरा ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचा सहा इंचांचा (मैलाला सहा इंच या मापाचा), सदरलँडपुरता तो १८७०च्या दशकातला आहे, म्हणजे सगळं उठल्यानंतरचा. त्याच जागी आता मेंढ्यांचे वाडे आणि छप्पर नसलेल्या घरांच्या रिकाम्या चौकटी. साइटवर जुना नकाशा सॅटेलाइट फोटोवर ठेवून स्लायडरने पुसट करता येतो, शेजारी-शेजारी दोन नकाशेही उघडता येतात, कर्सर एकावर हलवला की दुसऱ्यावरही हलतो. असं करताना जुनं घर आजच्या हिरवळीवर नेमकं कुठे पडतं ते दिसतं. तिथला ग्रिड रेफरन्स लिहून घ्या, दोन अक्षरं आणि सहा किंवा आठ आकडे, पुढे चालताना तोच लागतो.

गावाचं नाव नकाशावर सापडत नसेल तर मोठ्याने उच्चारून बघा, रॉयच्या लोकांनी ऐकून लिहिलंय. नावाचे तुकडे ओळखायला शिका, अख म्हणजे शेत, बाल म्हणजे वस्ती, इन्व्हर म्हणजे नदीचं मुख, स्ट्रॅथ म्हणजे रुंद खोरं, काइल म्हणजे सामुद्रधुनी. उत्तरेला नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतली, नावंही खूप, रोसल हेच मुळात घोड्यांचं माळरान अशा अर्थाचं नॉर्स नाव.

आणखी एक वाचाच, स्टॅटिस्टिकल अकाउंट्स. १७९०च्या दशकात आणि पुन्हा १८३४ ते १८४५ मधे प्रत्येक पॅरिशच्या पाद्र्याने आपल्या पॅरिशचं वर्णन लिहिलं, लोक काय खातात, किती गुरं, इंधन कुठून आणतात. आपल्या पॅरिशची दोन्ही वाचा, एकाच जागेचं आधी आणि नंतर.

इस्टेटची कागदं ही पुढची पायरी, हौस असेल तर. चीफ आणि कूळ यांच्यामधे टॅक्समन नावाचा माणूस असायचा, आपल्या कोकणातल्या खोताच्या जवळपास जाणारा, तो चीफकडून मोठा तुकडा खंडाने घेऊन खाली कुळांना लावायचा. त्यामुळे भाड्याच्या याद्यांत कितीदा नुसता टॅक्समनच दिसतो आणि आपला माणूस दिसत नाही. सदरलँड इस्टेटचे कागद एडिनबराच्या नॅशनल लायब्ररीत आहेत, रे इस्टेटचे नॅशनल रेकॉर्ड्समधे. आधी ईमेल करून, कागदाचा नंबर सांगूनच जा.

टार्टन (चौकड्यांचं लोकरी कापड) आणि चिन्हांबद्दल थोडक्यात. क्लॅनवार ठरलेली टार्टन डिझाइनं मुख्यतः एकोणिसाव्या शतकात पक्की झाली, आवडत असेल तर मनापासून घाला, पण त्यावरून गाव कळत नाही. कोट ऑफ आर्म्स, म्हणजे ढालीवरचं मानचिन्ह, कुटुंबाचं नसतं, ते एका व्यक्तीचं असतं. आम्हीही एका दुकानातून आडनावाचा इतिहास म्हणून फ्रेम विकत घेतली होती, आत कुठल्याही मकायला लागू पडेल असा मजकूर. ते पैसे क्रेडिटला वापरा.

प्रत्यक्ष जाताना

भारतीय पासपोर्ट असेल तर कॅनडाचं पीआर असलं तरी यूकेचा व्हिजिटर व्हिसा वेगळा काढावा लागतो, घरातल्या कॅनेडियन पासपोर्टवाल्यांचं काम ईटीए या ऑनलाइन प्रवास-परवानगीवर होतं, त्यामुळे आपलीच तयारी आधी सुरू करा.

महिना मे घ्या. कारण हवामान नाही, कारण ब्रॅकन. हे नेचं जुलैपर्यंत कमरेएवढं वाढतं आणि पडक्या भिंती सगळ्या त्याखाली जातात, मेमधे ते नुकतं जमिनीतून वर येत असतं. मिज नावाच्या चावऱ्या बारीक माश्यांचा त्रासही तेव्हा कमी. जुलै-ऑगस्टमधे नॉर्थ कोस्ट ५०० या पर्यटकांच्या रस्त्यावरच्या गाड्यांमुळे टंग, बेटीहिल या उत्तर किनाऱ्यावरच्या गावांकडे राहायला जागा मिळणं अवघड.

इन्व्हरनेसला एक दिवस ठेवा, हायलँड आर्काइव्ह सेंटरसाठी. पुढे गाडी लागतेच. रस्ते एकपदरी, मधे मधे पासिंग प्लेस असतात, समोरून गाडी आली की तिथे थांबायचं, मागची गाडी घाईत असेल तर तिलाही जाऊ द्यायचं, आणि फोटोसाठी तिथे गाडी लावायची नाही. पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरा. फोनला रेंज नसते, म्हणून लँडरेंजर मालिकेतला १० नंबरचा कागदी नकाशा घ्या, आणि जुन्या नकाशांचे स्क्रीनशॉट प्रिंट करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

बेटीहिलला ‘फार’ पॅरिशच्या जुन्या चर्चमधे स्ट्रॅथनेव्हर म्युझियम आहे, मकायांची माहिती तिथे आहे, उघडायच्या तारखा बघून जा. तिथून दक्षिणेला खोऱ्याने सायरकडे निघालात की वाटेत जुन्या वस्त्यांवर माहितीच्या पाट्या आहेत. स्कॉटलंडमधे २००३च्या कायद्याने मोकळ्या जमिनीवरून जबाबदारीने चालायचा हक्क सगळ्यांना आहे, मालक कोणीही असो. फाटक जसं होतं तसं लावा, एप्रिल-मेमधे मेंढ्या व्यायलेल्या असतात त्यांच्यापासून लांबून जा.

रोसल सायरजवळ, गाडी लावून जंगलातून चालत जावं लागतं. भोवती लावलेली झाडं, मधे एकदम उघडं हिरवं माळ. घर शोधायचं तर आधी गवताचा रंग बघा, जिथे माणसं आणि गुरं राहिली तिथलं गवत आजही जास्त हिरवं. मग गुडघ्याएवढ्या भिंती दिसायला लागतात. घर लांबट, एका टोकाला माणसं आणि उताराच्या टोकाला गुरं, एकाच छपराखाली. आमच्या आजोळी कुडाळला गोठा स्वयंपाकघराला लागूनच होता, मी सासऱ्यांना ते सांगितलं तर ते उठून उताराच्या टोकाला जाऊन उभे राहिले, म्हणाले म्हणजे गाय इथे. शेजारी ओट वाळवायची भट्टी, जमिनीत वाटीसारखा खड्डा, कडेने दगड. माळावर तिरप्या उन्हात शेताचे वरंबे अजून ओळीने दिसतात, म्हणून सकाळी लवकर किंवा संध्याकाळीच जा.

कुठलं घर नेमकं आपलं हे कळत नाही, कागदात तेवढं नसतं, वस्ती कळते. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जात असाल तर हलकी फोल्डिंग खुर्ची, थर्मास आणि सुक्या मोज्यांची जोडी न्या, आम्ही तिथे तीन तास होतो. दगड उचलून आणू नका, संरक्षित जागा आहे. आणि परत आल्यावर जमवलेल्या वंशावळीची एक प्रत, रोसलच्या नावासकट, म्युझियमला पाठवायची का ते त्यांना ईमेलने विचारा. मागे राहिलेल्यांच्या नातवंडांनाही बोटीत बसलेल्यांचं पुढे काय झालं ते शोधायचं असतं.